आर्वोची लाल दोरी

माझं नाक डावीकडे वळलंय ते आर्वो कांगासच्या कृपेने. लेक सुपिरियर सरोवराच्या काठी, मार्लिसबाईंच्या होड्यांच्या यार्डात, हिवाळ्याआधी शिडाच्या होड्यांमधलं साचलेलं पाणी काढायचं काम तो करायचा. होडीखालचा चाकांचा ट्रेलर पुढून उचलायचा, होडीचं मागचं बूच काढायचं आणि लाल दोरीने सुकाणूच्या मुठीला बांधायचं. परत भोकात बसवायचं नाही. त्याच्या हाताखालच्या पहिल्याच वर्षी मी शहाणपणा केला, हरवू नये म्हणून बूच परत लावलं. थंडीभर आत बर्फ वितळला, पुन्हा गोठला आणि एप्रिलमध्ये होडी तळाशी फाटलेली निघाली. आर्वोने थेट नाकावर ठोसा हाणला. रक्त थांबेना तेव्हा स्वतःचाच शर्ट फाडून दिला, वर म्हणाला, "आता विसरशील का, गाढवा?"

नाही विसरलो.

असाच होता तो. गुत्त्यात एकाचे दात पाडले, सख्ख्या मेव्हण्याची बरगडी मोडली. यार्डात माझ्यानंतर आणखी दोघांना झोडपलं. बायको कधीच सोडून गेली. तिने बरं केलं असं मला आजही वाटतं. एकसष्टाव्या वर्षी त्याच्याजवळ हे काम आणि यार्डामागे बाईंनी राहायला दिलेलं फिरतं घर, एवढंच उरलं होतं. बाईंनी बजावलं होतं, "आर्वो, आणखी एकदा हात उचललास तर काम गेलं, आणि घरही."

दोन वर्षं तो हात खिशात घालून भांडला.

मग एका ऑक्टोबरात ड्वाइट नावाचं गिऱ्हाईक आलं. त्याच्या होडीच्या पोटात टाकी होती. होडी कलंडू नये म्हणून तीत सरोवराचंच पाणी भरतात. ट्रेलर उतारावर, चाकांना ठोकळे लावून, पुढच्या लोखंडी दांड्याने अजून गाडीला जोडलेला होता. आर्वोने दबलेली चाकं पाहिली.

"पाणी आहे आत."

"मी स्वतः काढलंय. खालचा व्हॉल्व्ह उघडाच आहे, बघ."

"आणि वरचं हवेचं झाकण?"

"कसलं झाकण?"

आर्वो फिस्सकन हसला, तिथेच ठिणगी पडली. वरून हवा शिरली नाही तर खालून पाणी पडत नाही. थोडी धार आली, थांबली, आणि या गड्याने टाकी रिकामी समजली. आत अर्धा टन पाणी होतं.

"दांडा सोडू नकोस," आर्वो म्हणाला. "सगळं वजन मागे गेलंय."

"तू मला शिकवणार? दुसऱ्याच्या दारात पडलेला म्हातारा तू! हो बाजूला."

ड्वाइटने त्याला छातीवर ढकललं आणि वाकून ट्रेलरची खिट्टी उपसली.

ठोसा आणि दांडा एकदमच उठले. ड्वाइट जबडा धरून चिखलात पडला. त्याचं डोकं होतं तिथून लोखंडी दांडा सुसाट वर गेला आणि आर्वोच्या हाताचं हाड मोडून गेला. पांढरं टोक कातडीबाहेर आलं. होडीची मागची बाजू धाडकन दगडांवर आपटली.

मार्लिसबाई धावत आल्या. ड्वाइट रक्त थुंकत ओरडला, "मारलं मला ह्याने!"

मी आत चढून हवेचं झाकण काढलं. धो धो पाणी सुटलं ते ड्वाइटच्या अंगाखालून वाहत गेलं.

बाई आर्वोजवळ गुडघ्यावर बसल्या. "त्याला वाचवायला मारलंस ना? हो म्हण, आर्वो."

मी मनात ओरडत होतो, हो म्हण रे बाबा.

"नाही," तो दात आवळून म्हणाला. "त्याने ढकललं तेव्हाच मारायचं ठरलं होतं. दांडा नंतर उठला."

मला इतका राग आला की त्याचा दुसरा हातही मोडावासा वाटला. बाई रडल्या, पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

तो घर सोडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, थंडीत नळ फुटू नयेत म्हणून, मी त्या घरातलं पाणी काढायला गेलो. एका हाताने त्याने ते आधीच काढलं होतं. टाकीचं बूच दाराच्या मुठीला लाल दोरीने बांधलेलं होतं. गाठ दातांनी ओढलेली होती.