न जुळणारा गोल

मशीनचं झाकण उघडलं, पट्टा सैल केला आणि ब्रश हातात घेतला, तेव्हा कुठे दुकानाचा मालक म्हणाला, "साहेब, आमचं मशीन तर चांगलं चालून राहिलंय. तुम्हाला बोलावलं कुणी?"

लातूरच्या त्या ओळीत रेडियमची दुकानं एकमेकांना खेटून आहेत आणि मी एका दुकानाने चुकलो होतो. पट्टा पुन्हा आवळला, "फ्री सर्व्हिस समजा" म्हणालो आणि बाहेर पडलो. शेजारच्या पायरीवर ज्ञानोबा सगळं बघत उभे होते.

"या साहेब. शेजाऱ्याचं बिघडवून झालं असंल तर आता आमचं नीट करा."

मी नांदेडला प्लॉटर विकणाऱ्या फर्ममध्ये सर्व्हिस इंजिनिअर आहे. प्लॉटर म्हणजे गाडीच्या काचेवर, दुकानाच्या दारावर जी चिकट अक्षरं दिसतात, ती कापणारं मशीन. त्या अक्षरांना आपल्याकडे सरसकट रेडियम म्हणतात, चमकोत न चमकोत. मशीन दिसतं प्रिंटरसारखं, पण शाईच्या जागी आत एक बारीक ब्लेड असतं. ब्लेड डावी-उजवीकडे धावतं आणि रेडियम मागे-पुढे सरकतं. खाली काटेरी रोलर, वर रबरी चाकं, त्या पकडीत ते असतं. दोघांचा मेळ बसला की अक्षर होतं. नाही बसला की मला फोन येतो.

ज्ञानोबांची तक्रार एका वाक्याची होती. "गोल जुळंना." ब्लेड जिथून निघतं तिथे परत येत नव्हतं.

त्यांनी आयुष्यभर ब्रशने बोर्ड रंगवले. रंगवायला कुणी बोलावेना, तेव्हा हे मशीन घेतलं. पहिलंच मोठं काम मिळालं होतं, एका कोचिंग क्लासच्या सगळ्या काचा. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी.

"संध्याकाळपर्यंत न्हाई झालं तर क्लासवाले शेजारच्याला देणार," ते म्हणाले. "मग हे धूड तुम्हीच न्या नांदेडला. मी आपला ब्रश धरतो पुन्हा."

मी एक लहानसा तुकडा लावून गोल कापला. काय सुरेख गोल! "मशीन ओके आहे," मी जाहीर केलं.

"मोठं कापा की."

पूर्ण रुंदीचं रेडियम लावलं. 'यशाची पहिली पायरी' असा मजकूर होता. शिरोरेघ सरळ जायची सोडून वर चढत गेली आणि 'री'पाशी अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली.

"पायरीच केली की रे मशीननं," गल्ल्याजवळून आवाज आला. ज्ञानोबांच्या आई. काष्टा नेसलेल्या, तोंडात पान, आणि नजर अशी की माझा स्क्रू ड्रायव्हर आपोआप सरळ फिरायला लागला.

मी ब्लेड बदललं. लहान तुकडा फक्कड, मोठा वाकडा.

नांदेडला आमच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "ऑफसेट बघ." ट्रॉली बॅगेचं चाक कसं दांड्याच्या जरा मागून फरपटत येतं, तसं ब्लेडचं टोक मधोमध नसतं. तो फरक मशीनला आकड्यात सांगावा लागतो, त्याला ऑफसेट म्हणतात. आकडा बदलला. लहान फक्कड, मोठा वाकडा. स्पीड कमी केला, रोल सैल सोडला, केबल बदलली. तेच.

लहान असताना गुणी आणि मोठं झालं की हाताबाहेर. आमच्या थोरल्याची गोष्ट चालली आहे असं वाटायला लागलं.

"लेकरा," आजी म्हणाल्या, "तुला येतंय का न्हाई? न येणं वाईट न्हाई. सांगून टाकावं."

"येतंय आजी. फक्त समजून नाही राहिलं."

"हाव. ज्ञानोबाच्या बापाचं बी असंच व्हतं."

चिडून मी वाया गेलेलं रेडियम ओढून काढलं आणि उलटं टाकलं. मागच्या पांढऱ्या कागदावर उजव्या कडेला गुलाबी ठिपक्यांची रांग होती. मी पुन्हा साहेबांना फोन लावला.

"सर, मशीनमधून लाल गळून राहिलंय."

"शाई असेल."

"सर, या मशीनला शाई नसते."

मग ते म्हणाले, "तू जेवलास का?"

मी बॅटरी घेऊन मशीनखाली आडवा झालो. काटेरी रोलरच्या उजव्या टोकाला लाल थर बसला होता, वाळून अगदी गुळगुळीत. काटे दिसतच नव्हते. लहान तुकडा डाव्या बाजूला धरला जातो, म्हणून तो नीट. मोठ्याची उजवी कड या थरावर येऊन घसरायची, म्हणून वाकडा.

"आजी, इथं कुंकू कुणी लावलं?"

"मी. रोज लावते, बोट भिजवून. काम सुरू व्हायच्या आदी."

"पण इथंच का?"

"डाळ मिलला होते मी. जिथून डाळ पडती तिथं लावत्यात. तुझ्या मशीनची अक्षरं इथूनच पडत्यात न्हवं?"

मी स्पिरिटची बाटली आणि टूथब्रश काढला. आजी ताडकन उठल्या.

"कुंकू पुसतो? चालत्या मशीनचं?"

"पुसल्याशिवाय चालणार नाही, आजी."

"अन् पुसल्यावर चालंल? कुणाच्या कपाळाचं पुसून कुणाचं भलं झालंय?"

ज्ञानोबा माझ्याकडे बघेनात, आईकडेही बघेनात. घड्याळाकडे बघत होते. मी ब्रश खाली ठेवला. माझ्या घरीही कुणी कुंकू पुसतो म्हणालं असतं तर आमची आई अशीच उभी राहिली असती.

"मग असं करू," मी म्हणालो. "आधी तुम्ही दुसरीकडे लावा. मशीनचं कपाळ मोकळं नको. मग मी इथलं काढतो."

आजींनी विचार केला. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. मग बोट भिजवून त्यांनी मशीनच्या बाजूच्या कव्हरवर ठसठशीत टिळा लावला, हात जोडले आणि म्हणाल्या, "हं, घास आता."

घासून घासून काटे वर आले. पूर्ण रुंदीचं रेडियम लावलं. शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताठ, गोल जुळलेले. ज्ञानोबांनी त्यावरून अंगठा फिरवला, बोर्ड रंगवणारा माणूस फिरवतो तसा. दिवे लागायच्या आत ते क्लासच्या काचांवर अक्षरं चिकटवायला सायकलवर गेलेसुद्धा.

आजींनी मला न विचारता पोह्यांची बशी पुढे केली, ती संपताच दुसरी.

तेव्हापासून कुठेही गेलो की आधी दुकान बरोबर आहे का बघतो, मग पूजा कुठे करता ते विचारतो आणि ब्लेडला सगळ्यात शेवटी हात लावतो.

घरी आल्यावर बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकलं.

"म्हणजे आता त्या रोज बाजूच्या कव्हरला लावणार."

"हो."

"बोट भिजवून."

"हो."

"त्या कव्हरच्या आत काय असतं हो?"

"मदरबोर्ड," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी लातूरला जाताना डबा घेऊन जा. पोह्यांवर दिवस निघत नाही तुमचा."