आपलं सोनं, त्यांचं सोनं

पेपरात कुठल्या देशाकडे किती सोनं आहे याचा तक्ता आला की मी अजूनही पान उलटते. त्या आकड्यांपायी आम्ही एक हसरं माणूस घालवलं.

एक्क्याण्णव साली आपल्या देशाचं सोनं गहाण ठेवायला विमानाने इंग्लंडला नेलं. तिथे माझे काका होते, बाबांचे धाकटे भाऊ. उमेळे गावातली आमची केळीची वाडी सोडून ते तिकडे स्थायिक झाले होते आणि दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा. ते इतक्या मोठ्याने बोलायचे की शेजारी बसलेल्यालाही ऐकू यायचं. त्या रविवारी ते हसत म्हणाले, "दादा, तुमचं सोनं आलंय आमच्याकडे. नीट सांभाळतो, काळजी करू नको."

थट्टा करायची त्यांची जुनी खोडच होती. पण बाबांनी फोन ठेवून दिला. "तुमचं म्हणे. आमच्याकडे म्हणे. याच विहिरीचं पाणी प्यायला ना हा?"

गहाण पडलेलं सोनं पुढे सुटलं. बाबांचा राग मात्र गेला नाही. त्यांनी ठरवूनच टाकलं, आपलं सोनं इंग्लंडपेक्षा जास्त झालं की मी स्वतः फोन करीन, तोवर नाही. वर्षातून एकदा ते कुठून कुठून दोन्ही देशांचे आकडे मिळवायचे आणि जेवताना आम्हाला सांगायचे. इंग्लंड पुष्कळच पुढे असायचं.

रविवारी फोन वाजला की आई उचलायची आणि "वाडीत गेलेत" म्हणून सांगायची. बाबा समोरच झोपाळ्यावर असायचे. कड्यांची करकर पलीकडे जाऊ नये म्हणून तेवढा वेळ पाय टेकवून झोपाळा धरून ठेवायचे. मला तेव्हाही त्यांचा संताप यायचा, आजही येतो. हळूहळू फोन कमी झाले. शेजारच्या वाडीतली केळी जाऊन तिथे इमारत उभी राहिली, तिचा दिवसभर ठोकाठोकीचा आवाज असायचा. पण रविवारी कामगारांना सुट्टी. त्या दुपारी आमचं घर इतकं गप्प असायचं की मी उगाच भांडी आपटायची.

मग इंग्लंडनेच स्वतःचं सोनं विकायला काढलं, तेही निम्म्याहून जास्त. बाबा खुलले. दोन्ही आकडे जवळ येत चालले होते. त्याच सुमारास काकूंचा फोन आला. ह्यांना बरं नाही, दादांना एकदा बोलायला सांगा, म्हणाल्या. आईने रिसीव्हर बाबांपुढे धरला. बाबांनी हातानेच नको म्हटलं.

"आता पुढे जातोयच आपण. मग बोलतो. थांबेल की तो तेवढं."

काका चैत्रात गेले.

आपला देश पुढे गेल्याची बातमी आली ती त्यानंतर काही महिन्यांनी. बाबांनी ती दोनदा वाचली आणि उठून फोन लावला. नंबर त्यांना पाठ होता. काकू घरी नसाव्यात. पलीकडे यंत्र सुरू झालं आणि काकांचा आवाज आला, इंग्रजीत. आम्ही बाहेर गेलो आहोत, निरोप ठेवा. काकूंनी तो पुसलाच नव्हता. मी बाजूला उभी होते.

इतक्या वर्षांचा आकडा बाबांच्या जिभेवर होता. तो त्यांनी सांगितलाच नाही.

"मी बोलतोय रे," ते म्हणाले, आणि उत्तर येईल म्हणून रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले.