टाचणी आणि खोल पाणी

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणायचे. ओठांत सदा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी, आणि बोललीच तर टोचणारं. शाळांचे गणवेश शिवणं हा तिचा धंदा. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनं आणि कापड बेतायचं लांबलचक टेबल. मदतीला धाकटी नणंद. तिचं तोंड मशिनपेक्षा जोरात चालायचं.

टाचणी कामाला वाघीण, यात वादच नाही. पण माणूस कामात बुडाला की आपण त्याचं कौतुक करतो आणि तो खरोखर बुडतोय का, हे बघायला कुणी जात नाही. मागच्या हंगामात तसंच झालं. पँटचं कापड बेतताना थर तोंडाला तोंड, सुलट बाजूवर सुलट बाजू, असे रचायचे, म्हणजे डावा आणि उजवा पाय जोडीने निघतात. हे ती झोपेतही करू शकली असती. झोपेतच केलं आणि घात झाला. सगळे थर एकाच तोंडाने रचून तिने कात्री चालवली.

नणंद तुकडे जुळवायला बसली आणि थबकली. "वहिनी, त्या शाळेतल्या पोरांना दोन्ही पाय डावेच आहेत का गं?"

टाचणीने पदरमोड करून नवं कापड आणलं, काम वेळेवर दिलं. पण नणंद पोट धरून हसत होती आणि आपल्याला हसूच येत नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. आपण शेवटचं कधी हसलो, हेही आठवेना.

त्याच सुमारास पोहण्याच्या तलावावर, कपडे बदलायच्या खोल्यांना पडदे लावायचं काम आलं. पडदे टांगून झाले तरी तिचा पाय निघेना. तिच्याच वयाच्या बायका पाण्यात पोरींसारख्या हुंदडत होत्या. टाचणीचा चक्क जळफळाट झाला. दुसऱ्याच दिवशी तिने तिथे नाव घातलं आणि नणंदेला बजावलं, "उजाडायच्या आत दुकान उघडायचं, दुपारी पाठ टेकायची नाही. पण सहाला मशीन बंद म्हणजे बंद."

पोहण्याचा पोशाख तिने घरीच शिवला, तोही शाळकरी पोरांसारखा वाढत्या अंगाचा. पहिल्याच दिवशी त्यात हवा भरली आणि बाई फुग्यासारख्या वर. सगळा तलाव हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने ती स्वतः.

उथळ पाण्यात ती लवकरच सरावली. खोल पाण्यापाशी मात्र हात कठड्याचा गज सोडायचा नाही. तेवढ्यात सूचना लागली, दुरुस्तीसाठी तलाव उद्यापासून वर्षभर बंद. टाचणीने मनाशी ठरवलं, आज पलीकडे जायचंच.

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी, ती मशिनवर आवरण टाकत असताना ठेकेदार दारात उभा राहिला. तिचं निम्मं काम त्याच्याकडून यायचं.

"हे कापडाचे गठ्ठे उद्या दुपारी शिवून हवेत. आज बसा जरा उशिरापर्यंत."

"परवा सकाळी देते. तुम्हीच परवाचा वायदा केला होता."

"आणि आता कुठे निघालात?"

"पोहायला."

ठेकेदार हसला. ती हसत नाही हे पाहून त्याचा चेहरा उतरला. "बघा हं बाई. शिवणारे पुष्कळ आहेत."

निम्मं काम गेलं तर काय, हे तिला त्याच्याहून जास्त कळत होतं. तरी तिने पिशवी उचलली. "पुष्कळ असतील. परवा सकाळी या, एक टाका वाकडा सापडला तर बोला."

तलावावर शिकवणारी मुलगी सोबत पोहत होती. टाचणीने गज सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, ती खाली गेली, वर आली, हात मारत राहिली. पलीकडचा काठ हाताला लागला तेव्हा तिला रडूही येत होतं आणि हसूही.

वर पाहिलं तर नणंद. धापा टाकत, हातात दुकानाच्या किल्ल्या.

"वहिनी, त्याने गठ्ठे उचलले. दुसरीकडे घेऊन गेला."

"किती?"

"सगळे."

टाचणीने काठ घट्ट धरला. वाईट वाटलं, खूप वाटलं. मग तिने तोंडावरचं पाणी निपटलं.

"उद्या उजाडायच्या आत ये. दोघी मिळून शाळांच्या दारात जाऊ. मधला माणूस नकोच आता."

"आणि आता?"

"आता मला परत त्या काठाला जायचंय. एकटीने."

"अगं, बुडालीस तर?"

"तर ओरड," टाचणी म्हणाली आणि तिने काठ सोडला.