न झाडलेली ओसरी

शेजारच्या शांताकाकूंची ओसरी निकाल कळल्यापासून झाडलेली नाही. वाळलेली पानं, धूळ, कोंबडीची पिसं तशीच पडून आहेत. आमच्या गावात सुट्टी संपवून जवान निघाला, की तो पोचल्याचा फोन येईपर्यंत घरात कुणी झाडू फिरवत नाही. काकूंचा मुलगा संजूदादा तर सुट्टीवर आलाच नव्हता. त्याने छावणीत आपल्याच साहेबाला गोळी घातली आणि लष्करी न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. आता फक्त दिल्लीची मंजुरी बाकी आहे.

"तू कायदा शिकतूस न्हवं? दिल्ली न्हाई म्हणू शकती का रं?"

"म्हणू शकते, काकू."

"मग म्हणंल?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुस्तकात मंजुरीचं कलम आहे, पण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात सापडलेलं नाही. मेलेल्या साहेबाच्या आईनेही कधी अशीच फोनची वाट पाहिली असेल, असं मनात आलं.

"ओसरी झाडून देऊ?" मी उगाच विचारलं.

"नगं, नगं!" काकूंनी माझा हातच धरला. "अजून वाटंतच हाय त्यो."

उठलो तेव्हा पायांना धूळ लागली होती. ती झटकायचा मला धीर झाला नाही.