अर्धी पळी यापा

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बासिलियाबाईंनी आपीची गाडी मुलीच्या, रुफिनाच्या, हाती सोपवली. ला पाझच्या त्या चढावरच्या गल्लीत त्यांची आपी पोटात गेल्याशिवाय कुणाची सकाळ उजाडत नसे. जांभळ्या मक्याचं ते दाट, वाफाळतं पेय, दालचिनी-लवंगेचं. सोबत चीज भरलेली टम्म पुरी. पेला संपला की गिऱ्हाईक तो नुसता पुढे करी, आणि बासिलिया न बोलता अर्धी पळी वर घालत. हा यापा. तो तोंडाने मागत नाहीत, आणि नाकारत तर मुळीच नाहीत.

एके सकाळी म्हातारे शिंपी सातुर्निनो त्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुमची लेक मला म्हणाली, आणखी हवं तर दुसरा पेला विकत घ्या, सर."

"सर?"

"सर. तोंडात सगळे दात होते तेव्हापासून तुमच्याकडे पितोय. दात गेले, आता सर झालो."

बासिलियांच्या अंगाची लाहीलाही झाली. शाल गुंडाळून, काठी टेकत त्या चढ चढल्या आणि परक्यासारख्या रांगेत उभ्या राहिल्या.

"आई, तू रांगेत कशाला?"

"गिऱ्हाईक आहे. भर पेला."

त्या उभ्या उभ्या प्यायल्या आणि रिकामा पेला पुढे केला. रुफिनाची पळी हलेना.

"मका किती महागलाय, आई. सगळ्यांना वर घालायचं तर पातेल्याचा तळ लगेच दिसेल."

"मग भाव वाढव. मीही वाढवला होता. लोकांनी शिव्या घातल्या नि दुसऱ्या दिवशी परत आले. पण पुढे आलेला हात मी रिकामा नाही धाडला. तुझ्या बापाच्या शवपेटीला याच गल्लीनं खांदा दिला, रुफिना. तेव्हा कुणी म्हणालं, की आणखी चार पावलं हवी तर त्याचे वेगळे पैसे?"

कढईत एक पुरी करपत होती. रुफिनाने मान खाली घालून अर्धी पळी ओतली. तेवढ्यात बाकावरच्या भाजीवालीने आपलाही रिकामा पेला हळूच सरकवला. रुफिनाने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? तिच्याकडे बघ."

रुफिनाने ओतलं, दातओठ खात. मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला.

पातेलं रिकामं होईतो बासिलिया जागच्या हलल्या नाहीत. चढ उतरताना मुलीने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.