रिठदच्या व्याह्यांचा वाशीमचा बंगला

माझा पक्का झालेला सौदा मोडून वर मलाच जेवायला बसवील, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मी अनसिंगच्या बाजारात गोणपाट अंथरून धंदा सुरू केला आणि जिभेच्या जोरावर दुकान उभं केलं. माझ्याशी घासाघीस करताना भल्याभल्यांना घाम फुटे. रिठदचे आमचे व्याही मात्र भाजीवाली सांगेल तो भाव देऊन वर विचारत, "तुले परवडते ना, बाई?"

त्यांना एकट्यानं जेवता येत नसे. म्हणजे घास खरोखरच घशाखाली उतरत नसे. जेवणवेळेला ते दारात उभे राहत आणि रस्त्यानं जाईल त्याला आत ओढत. मग तो पोस्टमन असो, की हरवलेली म्हैस शोधत निघालेला परगावचा माणूस. एकदा गावाजवळ एस.टी. बिघडली, तर त्यांनी उतारूंसकट ड्रायव्हर-कंडक्टरला पंगतीला बसवलं. मेकॅनिक आला, गाडी दुरुस्त झाली, तरी ती हलेना. मेकॅनिकही रोडगे खायला बसला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि विहीणबाईंचे गुडघे धरले. मुलगा नाही, एकुलती लेक माझ्या घरी. एवढं मोठं घर त्यांना झाडवेना. शेवटी घर, शेत विकून दोघांनी वाशीमच्या कडेला, निवृत्त लोकांच्या वसाहतीत बंगला घेतला. बंगला म्हणजे दोन खोल्या आणि पुढे तुळशीपुरती बाग. पंगतीची पितळी भांडी तिथे मावणार नव्हती, म्हणून मी कारंज्याच्या एका कासाराला गाठलं. सकाळपासून दुपारपर्यंत झुंजलो, दोनदा रागानं उठून गेलो, दोनदा परत आलो, तेव्हा कुठे माझ्या मनासारखा भाव झाला. दुसऱ्या दिवशी कासार गाडी घेऊन आला, तर घरात भांडं नाही! व्याह्यांनी रातोरात सगळी गावच्या देवळात देऊन टाकली होती.

"गावात लग्न निघालं त लोक कायच्यात रांधतीन?" ते म्हणाले.

"अन मी कासाराले शब्द देला त्याचं काय?" मी भर रस्त्यात ओरडलो. "बाजारात माझा शब्द कधी पडला नाही, तो तुमी पाडला! आता तुमच्या घरचं पाणीसुद्धा हराम!"

"बरं. पाणी नका पिऊ, जेऊन त जा."

मी तसाच निघून आलो. बाजारात लोक मला किती दिवस हसत होते! ती सल अजून गेलेली नाही.

दिवाळी झाली. एक दिवस सून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मामाजी, बाबा जेऊन नाही राह्यले."

वसाहतीत सगळे घड्याळावर जेवणारे. व्याही फाटकात उभे राहून हाक मारत. कुणी म्हणे, आमचं झालं, कुणी म्हणे, डॉक्टरांनी बंद केलंय. शेवटी शेजाऱ्यांनी विहीणबाईंना विचारलं, यांचं डोकं ठीक आहे ना? तेव्हापासून ते फाटकात जाईनात. विहीणबाई जुन्या वळणाच्या, नवऱ्याचं झाल्याशिवाय पानावर बसत नसत. दोन घास चिवडायचे आणि ताट सारायचं. अंगावरचं मांस उतरलं होतं. रिठदला परत जावं, तर तिथे आता दुसऱ्याची चूल पेटत होती.

"भांडाले जाऊन राह्यलो," असं घरी सांगून मी निघालो. निघताना पोटभर जेवलो, म्हणजे तिथे खायचा प्रश्नच नको. ती दुपार मला अजून लख्ख दिसते.

"इवाई, बाहीर या! त्या भांड्यायचा फैसला कराचा आहे!" मी फाटकातूनच गरजलो.

व्याही धोतर सावरत आले. केवढेसे झाले होते! "करू ना. पण उपाशी माणसासंग काय भांडता? अंदर या."

खोली एवढीशी, की पाटांवर बसलो तर गुडघ्याला गुडघा लागला. विहीणबाई दारातूनच वाढत होत्या. व्याह्यांनी एक घास घेतला. माझ्याकडे पाहिलं. दुसरा घेतला. मग वांग्याची भाजी मागितली. विहीणबाईंनी भिंतीकडे तोंड वळवून पदर डोळ्यांना लावला.

मी कासाराची गोष्ट काढायला तोंड उघडलं. एवढ्यात व्याह्यांचा हात रोडग्याकडे गेला.

"इनबाई," मी म्हणालो, "मलेही एक वाढा. अन वरण जरा जास्त."

पोटात तिळाएवढी जागा नव्हती. दूर नाक्यावर अनसिंगच्या गाडीचा भोंगा वाजला आणि विरून गेला. व्याही मान खाली घालून, भराभर जेवत होते. मी रोडग्याचा एकेक तुकडा मोडत हळूहळू खात राहिलो.