साड्या नेसलेली बाग

"मॅडम, सोमवारी जेसीबी येनार हाय. डाळिंबाची बाग काढायची म्हनून तात्यांनी सांगून टाकलंय. तुमी त्याच्या आदी येऊन जावा."

डाळज गावाहून रेश्माचा फोन होता. मी बारामतीत डाळिंब सल्लागार म्हणून काम करते. म्हणजे झाडांची डॉक्टर. पेशंट एक अक्षर बोलत नाही आणि नातेवाईक मात्र ऐकतच नाहीत, अशी ही प्रॅक्टिस. सासऱ्यांशी, म्हणजे तात्यांशी, वाद घालून रेश्मानं उसाच्या रानात डाळिंब लावलं होतं. बाग गेली असती तर त्या घरात शेतीतलं तिचं म्हणणं पुन्हा कुणी ऐकलं नसतं. ती फोनवर तसं काही म्हणाली नाही, पण आवाजावरून कळत होतंच.

दुसऱ्याच दिवशी गेले. बागेत शिरले आणि कपाळावर हात मारला. अख्खी बाग साड्या नेसून उभी! जांभळ्या, लाल, चॉकलेटी, जरीकाठाच्या, फुलाफुलांच्या. आमच्या भागात ही काही चेष्टा नाही. उन्हाळ्यात डाळिंबाला सनबर्न होतो, म्हणजे उन्हानं फळाची साल भाजते आणि काळा डाग पडतो. तसलं फळ व्यापारी हातात घेत नाही. म्हणून लोक झाडांवर जुन्या साड्या टाकतात, बाजारात त्या किलोवर मिळतात. पातळ, पांढरं कापड नीट टाकलं तर उपयोगही होतो. पण इथं एकेका झाडावर दोन-दोन गडद साड्या, त्याही बुडाशी सुतळीनं आवळून बांधलेल्या. चैत्रातल्या भर दुपारी मी एका साडीखाली डोकं घातलं, तर आत दिवेलागणीची वेळ!

पानं पिवळट, मऊ पडलेली. फळं लिंबाएवढी होऊन तिथंच अडकलेली, आणि बरीचशी गळून खाली. शेजारच्यांची फळं तोवर मुठीएवढी झाली होती.

"तात्या, या साड्या काढा," मी म्हटलं.

तात्या बांधावर बसले होते. जन्मभर ऊस केलेला माणूस. "आन मागल्यावानी फळ भाजलं मंग? तवा कोन बघनार, तुमी?"

"मागच्या वर्षी झाडावर पानं होती का?"

"न्हवती फार. पानगळीचं औषिद जरा जादा झालं."

डाळिंबाला फुलं यावीत म्हणून आम्ही मुद्दाम जुनी पानं गाळतो, मग नवी पालवी आणि फुलं येतात. तात्यांनी औषधही जास्त मारलं आणि छाटणीही जोरात केली. नवी पालवी विरळ आली, फळं उघडी पडली आणि भाजली. पानं सावली देतातच, शिवाय वाफ सोडून झाडाला गारवाही देतात. मागच्या वर्षी पानं घालवून फळं भाजली, आणि यंदा फळं वाचवायला पानं झाकली! माझं डोकंच फिरलं.

"तात्या, उसातली साखर येते कुठून?"

"खतातनं. पान्यातनं. आनि कुठनं?"

"पानातून येते."

तात्या हसले. "पान तर आमी जनावरांला घालतो, मॅडम. त्यात कुठली साखर?"

मुलांनो, तुम्ही हे पुस्तकात वाचलंय, तरी सांगते. मुळं झाडाला पाणी आणि क्षार पुरवतात, जेवण नाही. जेवण म्हणजे साखर, आणि ती पानात तयार होते. पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो. मुळांनी पाठवलेलं पाणी तिथं असतंच. पानातलं हिरवं हरितद्रव्य ऊन पकडतं आणि त्या उन्हाच्या जोरावर या दोघांची साखर होते. त्यात ऑक्सिजन बाहेर पडतो, तोच आपण श्वासात घेतो. दिवसा उरलेली साखर पान स्टार्च करून ठेवतं आणि रात्री फळांकडे, मुळांकडे पाठवतं. आता पान अंधारात बांधून घातलं तर फळ वाढणार कशावर?

तात्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डोळ्यानं दावा."

"दाखवते की!" मीही हट्टाला पेटले. शनिवारी शाळेतून आयोडीन आणि मेडिकलमधून स्पिरिट घेऊन पुन्हा हजर. आयोडीन स्टार्चला लागलं की काळंनिळं होतं. आधी पान पाण्यात उकळायचं, मग स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवायचा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून ते आचेवर ठेवायचं नाही. गॅस बंद करून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं, आणि घरातलं मोठं माणूस जवळ नसेल तर या वाटेला जायचंच नाही.

साडीतलं एक पान घेतलं, शेजारच्या बागेतलं एक. आयोडीन टाकलं. दोन्ही पानं सारखीच मळकट काळी!

"भाजी करपली वाटतं, मॅडम," तात्या म्हणाले. रेश्माचा चेहरा पार उतरला. मला भयंकर राग आला, तोही स्वतःचाच. डाळिंबाच्या पानात टॅनिन भरपूर असतं, चहात असतं तसलं. ते आयोडीनचा रंग बिघडवतं. घाईत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेवढ्यात दारातली जास्वंद दिसली, तिच्या पानात ही भानगड नसते.

"तात्या, दारातली जास्वंद कुणाची?"

"माजीच. देवाला रोज फूल लागतंय."

"अर्ध्या झाडाला तुमच्याच दोन साड्या बांधते. उद्या दुपारी येते."

"येवा की. सोमवार परवा हाय," तात्या म्हणाले. टोमणा होता तो. मी गाडी काढली.

रविवारी दुपारी तात्यांनी स्वतःच दोन पानं तोडली, मी फसवू नये म्हणून. उघड्या बाजूच्या पानाचं देठ ठेवलं, साडीतल्याचं खुडलं, म्हणजे ओळखू येतील. पुन्हा सगळं केलं. पांढुरकी झालेली पानं स्टीलच्या ताटात ठेवली. या वेळी आयोडीन रेश्मानं टाकलं.

देठाचं पान बघता बघता काळंनिळं झालं. दुसरं तपकिरीच राहिलं, कडेला जराशी निळी झाक, बस्स.

तात्यांनी ताट उचलून उजेडात धरलं. "ह्ये उपाशी ऱ्हायलंय व्हय?"

"व्हय तात्या. आणि बागेतलं एकूण एक पान असंच आहे."

त्यांनी ताट खाली ठेवलं. मग जेसीबीवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नगं रं. न्हाय, फुडच्या सोमवारी बी न्हाय."

रेश्मा पदरात तोंड खुपसून रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

त्याच संध्याकाळपासून साड्या सुटायला लागल्या. सावलीतल्या पानांना एकदम कडक ऊन सोसत नाही, म्हणून आधी एक साडी काढली, काही दिवसांनी दुसरी. नंतर फक्त पश्चिमेच्या बाजूनं पातळ पांढरं कापड लावलं. काही फळं तरीही भाजली. लिंबाएवढी राहिलेली काही शेवटपर्यंत तेवढीच राहिली. बाकीची मात्र भरली. आषाढात व्यापारी बागेत आला, त्यानं एक फळ फोडून खाल्लं आणि तिथंच बसून भाव बोलायला लागला.

मी मुद्दाम तात्यांना विचारलं, "काय मग, पटलं का?"

"औंदा ऊन चांगलं पडलं," तात्या म्हणाले. मी हात टेकले. मग ते म्हणाले, "खालच्या तुकड्यात काय लावायचं त्ये रेश्मालाच इचारा. म्या काय बोलत न्हाय."

एवढ्या वर्षांच्या कामात मी एक शिकले. फळ पोसत नसेल, तर खताच्या दुकानात पळण्याआधी पान उन्हात आहे का ते बघावं. आणि एखादं माणूस खुंटलेलं दिसलं, तर त्याच्यावर काय काय पांघरलंय, तेही एकदा बघावं.